‘शँपेन’ हा शब्द कोणाचा?

कांहीं शब्दांचें भाग्य असें विचित्र असतें कीं, ज्यांनीं मूळ वस्तु जन्मांत पाहिलेली नसते त्यांच्याच तोंडीं ते अधिक खेळतात. ‘शँपेन’ हा शब्द त्यांपैकींच एक होय. आमच्या वाचकांपैकीं फार थोड्यांनीं हें पेय चाखलें असेल, आणि बाकीच्यांचें त्याबद्दल सांत्वन करावें असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. परंतु क्रिकेटचा चषक जिंकला कीं वर्तमानपत्रांत शँपेन उसळते, एखाद्या चित्रपटानें गल्ला भरला कीं शँपेनचें बूच उडतें, मोटारींच्या शर्यतींतील विजेता तर शँपेननें न्हातोच. ह्या शेवटच्या स्नानाचीच गोष्ट घ्या. फॉर्म्युला वनच्या विजयमंचावर २०२१ पासून २०२४ पर्यंत जें पेय उधळलें जात होतें, तें इटलींतील त्रेंतो येथील ‘फेरारी’ नांवाच्या पेढीचें द्राक्षासव होतें. (मोटारीवाल्या फेरारीचा ह्या पेढीशीं कांहीं संबंध नाहीं, तो गोंधळ आणखी निराळा.) शँपेनचा त्यांत एक थेंबहि नव्हता. बातम्यांतून मात्र शँपेनच वाहत राहिली. कोणीं ही चूक दाखवून दिली तर उत्तर ठरलेलें असतें: “अहो, फसफसणाऱ्या वाइनला शँपेनच म्हणतात. शब्द रूढ झाला कीं तो सर्वांचा झाला!”

ह्या उत्तराशींच आमचें भांडण आहे. वरवर पाहतां तें मोठें उदार आणि भाषाशास्त्रसंमत दिसतें. शब्दांचे अर्थ लोकच ठरवितात, कोश मागाहून त्यांची नोंद घेतो, हें आम्हांसहि मान्य आहे. वनस्पति तुपाला आपण सर्रास ‘डालडा’ म्हणत आलों, छायाप्रतीला ‘झेरॉक्स’ म्हणतों, आणि त्यांत कोणाचें कांहीं बुडालें नाहीं, असा दाखला ह्या प्रसंगीं हमखास पुढें केला जातो. पण डालडा नांवाचा गांव कोठें आहे काय? तें नांव एका कारखानदारानें बाजारासाठीं घडविलेलें होतें. तें झिजलें तर झिजलें. शँपेन हें मात्र एका मुलुखाचें नांव आहे. तेथें जमीन आहे, पाऊस आहे, द्राक्षांचे वेल आहेत, आणि त्या वेलांखालीं कमरेंत वांकून राबणारीं माणसें आहेत. मुलुखाचें नांव सैल झालें म्हणजे केवळ अर्थविस्तार होत नाहीं. कोणाच्या तरी ताटांतला घास कमी होतो.

शब्दाची कुळकथा थोडक्यांत अशी. लॅटिन भाषेंतील ‘कँपानिया’ म्हणजे मोकळें रान, सपाट मुलूख. त्यावरून फ्रान्सच्या ईशान्येकडील प्रांतास हें नांव पडलें. इंग्रजींत ह्याच मुळापासून निघालेला, वर्णलेखनांत किंचित् निराळा असा एक शब्द ‘मैदान’ ह्या अर्थीं फार दिवसांचा आहे. शेक्सपिअरच्या नाटकांतहि तो त्या अर्थीं येतो. मद्याचा अर्थ इंग्रजींत आला तो सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत. आणि गंमत ही कीं, त्या काळीं त्या प्रांताचें बहुतेक मद्य फसफसणारें नव्हतेंच. थंडीनें अर्धवट थांबलेलें आंबणें वसंतांत पुन्हां सुरू होऊन बाटलींत बुडबुडे उठत, तो तेथील मद्यकारांना दोष वाटे, आणि बाटल्या फुटून नुकसान होई तें वेगळेंच. पेरिन्यों नांवाच्या ज्या साधूला आज ह्या फेंसाचा जनक म्हणून मिरविलें जातें, त्याचा बराचसा काळ मद्य फसफसूं नये ह्याच खटपटींत गेला. उलट लंडनमध्यें क्रिस्टोफर मेरेट ह्या गृहस्थानें १६६२ सालीं रॉयल सोसायटीपुढें वाचलेल्या निबंधांत असें नमूद केलें आहे कीं, इंग्रज मद्यव्यापारी परदेशी वाइनमध्यें साखर व काकवी घालून तिला चुरचुरीत करतात. कोळशाच्या भट्टींत घडविलेल्या इंग्रजी बाटल्याहि अधिक बळकट होत्या. त्या आंतला दाब सोसूं शकत.

येथें प्रतिपक्षास मोठा जोर चढतो. “पाहा! फेंस मुळीं त्यांचा नव्हेच. मग नांवावर हक्क कसला?” आम्ही म्हणतों, हा मुद्दा मान्य, पण त्यांतून निघणारा निष्कर्ष अमान्य. फेंसाचा शोध लावल्याबद्दल बक्षीस म्हणून हें नांव कोणीं मागितलेलेंच नाहीं. फसफसणारी वाइन जगांत वाटेल त्यानें करावी. स्पेनमध्यें ‘कावा’ आहे, इटलींत ‘प्रोसेक्को’ आहे, जर्मनींत ‘झेक्ट’ आहे, आणि त्या आपापल्या नांवानें सुखानें नांदत आहेत. प्रश्न फेंसाचा नसून नांवाचा आहे, आणि त्या नांवासाठीं काय काय झालें हें पाहावयाचें तर १९११ सालाकडे वळलें पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा नांवाची, मुळांतील रस शोषणारी कीड शँपेन प्रांतांत शिरली. त्यापाठोपाठ कित्येक हंगाम वाईट गेले. १९१० सालचें पीक तर गारा, पाऊस आणि बुरशी ह्यांनीं जवळजवळ सगळेंच गिळलें. बागाईतदार कर्जांत बुडाले. मोठमोठ्या पेढ्यांच्या तळघरांतून मात्र बाटल्या नित्याप्रमाणें बाहेर पडतच होत्या. त्या कशा? लोआर नदीचें खोरें आणि दक्षिण फ्रान्स येथून स्वस्त द्राक्षरस आगगाडीनें येत होता, आणि बाटलींत शिरतांच तो ‘शँपेन’ होत होता. म्हणजे हें नांव प्रथम लुबाडलें तें स्पॅनिश किंवा जर्मन माणसानें नव्हे. त्याच प्रांतांतील व्यापाऱ्यांनीं. जानेवारी १९११ मध्यें दामरी व ओव्हिलेर येथील बागाईतदारांनीं परक्या मद्याच्या गाड्या अडविल्या आणि पिंपें मार्न नदींत लोटून दिलीं. सरकारनें सैन्य धाडलें.

तंट्याची दुसरी बाजू त्याहूनहि करुण होती. शँपेनची हद्द आंखतांना १९०८ च्या हुकुमानें दक्षिणेकडील ओब जिल्हा वगळला होता. ओबचे शेतकरी म्हणत, त्र्वा हें आमचें शहर म्हणजे शँपेनच्या जुन्या सरदारांची राजधानी. आम्हीच शँपेनचे नव्हे तर कोण? त्यांनीं मोर्चे काढले. सीनेटनें हद्दीच रद्द करण्याच्या बाजूनें कौल दिला, तेव्हां मार्नकडील बागाईतदार खवळले आणि एप्रिलमध्यें आई ह्या गांवीं त्यांनीं व्यापाऱ्यांच्या पेढ्या फोडल्या व जाळल्या. तडजोड म्हणून ओबच्या मद्याला ‘दुसऱ्या प्रतीच्या विभागाची शँपेन’ असें हिणकस नांव मिळालें. तो कलंक १९२७ च्या कायद्यानें पुसला गेला. एका शब्दासाठीं सामान्य शेतकरी इतके पेटले ह्याचें ज्यांस नवल वाटेल, त्यांनीं एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, तो शब्द काढून घेतल्यावर त्यांच्या टोपलींतील द्राक्षांना मातीचा भाव येत होता. आज ज्याला आपण विलासाचा शब्द समजतों, त्याच्या कायदेशीर संरक्षणाचा उगम असा कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या दंग्यांत आहे.

पुढें हा वाद फ्रान्सच्या सीमेबाहेर गेला. १९१९ च्या व्हर्सायच्या तहानें मद्यांचीं प्रादेशिक नांवें पाळण्याचें बंधन जर्मनीवर घातलें. अमेरिकेनें त्या तहास मान्यता दिली नाहीं, आणि कॅलिफोर्नियांत ‘शँपेन’ निघत राहिली; २००६ च्या करारानें तेथील नव्या बाटल्यांवर बंदी आली, पण जुन्या छापांना सूट मिळाली. इंग्लंडांतील खटला अधिक बोधप्रद आहे. ‘स्पॅनिश शँपेन’ अशी चिठ्ठी लावून विकणाऱ्या कंपनीस १९५८ सालीं लंडनच्या फौजदारी न्यायालयांत ज्यूरीनें दोषमुक्त केलें. मग फ्रेंच पेढ्यांनीं दिवाणी दावा लावला, व १९६० सालीं न्यायमूर्ति डँक्वर्ट्स ह्यांनीं निकाल त्यांच्या बाजूनें दिला. चिठ्ठीवर ‘स्पॅनिश’ असें स्पष्ट छापलेलें असतां फसवणूक ती कसली, हा प्रतिवादीचा बिनतोड वाटणारा सवाल होता. न्यायमूर्तींनीं ओळखलें कीं, मद्यांतला जाणकार फसणार नाहीं हें खरें, पण ज्याला फारसें ज्ञान नाहीं आणि जो सणासुदीला एखादी बाटली घेतो, तो खराखुरा माल मिळाला ह्या समजुतीनें घरीं जाईल. जाणकाराच्या मापानें न मोजतां भोळ्या गिऱ्हाइकाच्या मापानें मोजणारा हा निकाल आम्हांस सर्वथैव न्याय्य वाटतो.

‘रूढ झाला तो सर्वांचा झाला’ हें तत्त्व शेवटपर्यंत ताणलें म्हणजे काय होतें, ह्याचा नमुना रशियानें दाखविला आहे. सोव्हिएट राजवटींत १९३० नंतरच्या दशकांत टांक्यांतून झटपट फेंस आणून कामगारांसाठीं ‘सोव्हिएट शँपेन’ काढण्यांत आली, आणि ‘शांपान्स्कोये’ हा शब्द तेथें घरोघर रूढ झाला. मग जुलै २०२१ मध्यें कायदा आला कीं, रशियन लिपींतील तो शब्द केवळ रशियन मालावरच छापावा; खुद्द शँपेनहून येणाऱ्या बाटलीच्या मागील चिठ्ठीवर मात्र ‘फसफसणारी वाइन’ असें लिहावें! भाडेकरूनें घरमालकास ओसरीवर बसवावें, तसा हा प्रकार. रूढीच्या उदार भक्तांनीं ह्या कायद्याचा निषेध कोणत्या तोंडानें करावा हें आम्हांस कळत नाहीं. तत्त्व तर त्यांचेंच आहे.

येथवर आम्ही बागाईतदारांच्या बाजूनें बोललों. परंतु ज्या शब्दाचा हक्क दंग्यांत मिळविला, तो शब्द पुढें पेढ्यांच्या वकिलांच्या हातीं गेला, आणि तेव्हांपासून त्यांचें वर्तन शोभेनासें झालें आहे. इंग्लंडांत एल्डरच्या फुलांपासून घरगुती फसफसतें सरबत करण्याची जुनी चाल आहे व त्याला लोक कौतुकानें ‘एल्डरफुलांची शँपेन’ म्हणत आले. एका लहान उत्पादकानें तें बाटलींत भरून विकलें. मद्यार्क नाहीं, किंमत अडीच पौंडांच्या आंत. खालच्या न्यायालयानें दावा फेटाळला, पण १९९३ सालीं वरिष्ठ न्यायालयानें मनाई केली. बाटलीचा घाट आणि बूच शँपेनसारखें होतें, म्हणून ह्या निकालाचें एक वेळ समर्थन करतां येईल. त्याच वर्षीं पॅरिसच्या न्यायालयानें ईव्ह सँ लोराँ ह्यांच्या ‘शँपेन’ नामक अत्तरास तें नांव वापरूं दिलें नाहीं. तेथें श्रीमंत श्रीमंताशीं भांडत होता, आम्हांस त्याचें सुखदुःख नाहीं. २०२१ सालीं युरोपच्या न्यायालयानें स्पेनमधील ‘चांपानियो’, म्हणजे जणूं ‘शँपेनुली’, अशा नांवाच्या फराळगृहांविरुद्धचा दावाहि ग्राह्य धरला. पदार्थ नव्हे, पेय नव्हे, दुकानाची पाटी!

पण सर्वांत लाजिरवाणें प्रकरण स्वित्झर्लंडचें. व्हो परगण्यांत न्यूशातेल सरोवराजवळ शँपेन नांवाचेंच एक लहानसें खेडें आहे. तेंहि नांव त्याच लॅटिन मैदानावरून आलेलें, शेंकडों वर्षांचें. तेथें द्राक्षें पिकतात आणि त्यांची साधी, फेंस नसलेली पांढरी वाइन होते. गांवचें नांव तिला देण्यांत कोणाची नक्कल नव्हती. बुडबुडेच नाहींत, तर नक्कल कशाची? परंतु स्वित्झर्लंड व युरोपीय संघ ह्यांच्यांत विमानवाहतूक वगैरे अनेक मोठ्या विषयांचे करार १९९९ सालीं एकत्र झाले, त्या गाठोड्यांत हें खेडेंहि बांधलें गेलें, व २००४ पासून तेथील शेतकऱ्यांना आपल्या गांवचें नांव आपल्या बाटलीवर छापण्याची बंदी झाली. त्यांनीं युरोपच्या न्यायालयाचे दरवाजे ठोठावले. २००७ सालीं ते बंद झाले. आतां पाहा, ‘नांव हें भूमीचें आहे’ ह्या ज्या तत्त्वावर फ्रेंच शँपेनचा सगळा डोलारा उभा, तेंच तत्त्व ह्या खेड्याच्या बाजूचें आहे. ओबच्या शेतकऱ्यांनीं १९११ सालीं जो आक्रोश केला, तोच नव्वद वर्षांनीं व्होच्या शेतकऱ्यांनीं केला. फरक एवढाच कीं ह्या वेळीं शेतकरी थोडे होते आणि पलीकडे सरकारें होतीं.

आणि हा पाहारा कोणासाठीं? शँपेनच्या नियमांप्रमाणें द्राक्षें हातानेंच तोडावीं लागतात, कारण घड सबंध, न चिरडतां गाळपास गेले पाहिजेत. सुमारें ३४,००० हेक्टरांवरील ही तोडणी दरसाल थोड्या दिवसांत उरकावयाची, म्हणून लाखाहून अधिक हंगामी मजूर बोलावले जातात. म्हणजे ह्या नांवाच्या व्याख्येंतच मजुराचा हात आहे. तो काढला तर कायद्यानेंच ती शँपेन उरत नाहीं. सप्टेंबर २०२३ च्या तोडणींत उष्णतेची लाट असतां कांहीं मजूर मृत्युमुखीं पडले. त्याच हंगामांत पश्चिम आफ्रिकेंतून आलेले पन्नासाहून अधिक मजूर एका गांवीं अत्यंत घाणेरड्या निवाऱ्यांत कोंबलेले आढळले. जुलै २०२५ मध्यें शालों येथील न्यायालयानें मजूर पुरविणाऱ्या तिघांस मनुष्यव्यापाराच्या गुन्ह्याखालीं दोषी ठरविलें. तेव्हां तेथील कामगार संघटनेनें एक मागणी केली, ती आमच्या मतें ह्या सगळ्या वादांतील सर्वांत शहाणपणाची आहे: अशा हातांनीं तोडविलेल्या द्राक्षांच्या मद्यास ‘शँपेन’ म्हणवून घेण्याचा हक्क नसावा. चुन्याच्या जमिनीबद्दल, वेलाच्या जातीबद्दल, बाटलींत निदान पंधरा महिने मुरविण्याबद्दल नियम आहेत. सरबताच्या नांवाबद्दल वकील आहेत. मग तोडणाऱ्याच्या अन्नपाण्याबद्दल व्याख्येंत एक ओळ असूं नये काय? १९११ सालच्या बागाईतदारांचे वारस आज मळ्यांचे धनी आहेत. त्यांना हा प्रश्न परका वाटावा ह्याचें आम्हांस वाईट वाटतें.

“हें सर्व फ्रान्सचें झालें, मराठी वाचकाला त्याचें काय?” असें कोणी विचारील. त्याला आम्ही नाशिक जिल्ह्यांतील दिंडोरीस नेऊं. शँपेनच्या एका सुप्रसिद्ध फ्रेंच पेढीनें तेथें भारतीय द्राक्षांपासून, बाटलींतच दुसऱ्यांदा आंबविण्याच्या पद्धतीनें फसफसती वाइन करून २०१३ सालीं बाजारांत आणली. तिच्यावर ‘शँपेन’ हा शब्द नाहीं. मालक तोच, कृति तीच, तरीहि नाहीं. कारण माती दिंडोरीची आहे. त्यापूर्वीं, १९८० नंतरच्या दशकांत, नारायणगांवची फसफसती वाइन परदेशीं गेली ती ‘ओमर खय्याम’ ह्या नांवानें. बाटली भरणारा इतका काटेकोर, आणि लग्नाच्या स्वागतसमारंभांत तीच बाटली फोडणारा आमचा सुशिक्षित मात्र तिला बेधडक शँपेन म्हणतो!

ह्याच सुशिक्षितांचा संताप जून २०२५ मध्यें आम्हीं पाहिला. प्राडा ह्या इटालियन पेढीनें मिलानच्या प्रदर्शनांत कोल्हापुरी वहाणांसारख्या वहाणा मांडल्या आणि कोल्हापूरचें नांव घेतलें नाहीं, तेव्हां महाराष्ट्रभर गहजब झाला, व तो योग्यच होता. कोल्हापुरी चपलेस २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालेलें आहे. महाराष्ट्र व कर्नाटक ह्यांतील चार-चार जिल्ह्यांतील कारागिरांचें तें नांव आहे. हापूसला तें २०१८ सालीं मिळालें, आणि तरीहि दर वैशाखांत परप्रांतीचा आंबा ‘देवगड’ छापलेल्या पेटींतून आमच्या बाजारांत येतोच. त्या वेळीं रत्नागिरीचा बागाईतदार जें बोलतो तें आई गांवच्या बागाईतदाराहून अक्षरभरहि निराळें नसतें. “अहो, केशरी गराच्या आंब्याला हापूसच म्हणतात, शब्द रूढ झाला,” असें त्याला तोंडावर सांगण्याची कोणाची छाती आहे? मिलानकडे एक न्याय मागावयाचा आणि मार्नच्या खोऱ्याला दुसरा द्यावयाचा, हें चालणार नाहीं. त्याचबरोबर, मानांकनाचा शिक्का मिळाला म्हणून चामडें कमावणाऱ्याच्या व पट्टा विणणाऱ्या बाईच्या हातीं काय पडतें, हेंहि विचारलें पाहिजे. नाहींतर तो शिक्काहि उद्यां वकिलांचाच होईल.

अर्थात् आम्ही शब्दांवर पोलीस बसवा असें म्हणत नाहीं. दार्जिलिंगच्या चहाला कोणी ‘चहांतील शँपेन’ म्हटलें तर ती उपमा आहे. तिनें कोणी फसत नाहीं, उलट दोन्ही मुलुखांचा मान होतो. गरिबांचा कळवळा मिरवून स्वतः चैनींत राहणाऱ्यास इंग्रजींत ‘शँपेन-समाजवादी’ म्हणतात, तो शब्दहि कोणा पेढीनें हिरावून घेऊं नये. त्याची गरज आपल्याकडे तर अधिकच आहे. बाटलीवरचें, पेटीवरचें, बातमींतलें नांव मात्र मालाचें असतें, आणि तें खरेंच असलें पाहिजे. इंग्रजांनीं सुद्धां सैल बोलण्यासाठीं ‘बबली’, ‘फिझ’ असे मुलखाशीं संबंध नसलेले शब्द केले आहेत. मराठींत ‘फेंसाळ वाइन’ किंवा ‘फेंसाळ द्राक्षासव’ म्हणण्यास कोणती अडचण आहे? फेन ह्या शब्दाशीं आमचें नातें जुनें आहे. गोव्याच्या फेणीचें नांवहि त्यावरूनच आलें असें मानतात. पुढील विजयोत्सवाची बातमी लिहितांना वृत्तसंपादकांनीं बाटलीवरची चिठ्ठी आधीं वाचावी; ती दिसत नसेल तर ‘फेंसाळ वाइन’ छापावें. स्तंभाच्या रुंदींत हे दोन शब्द खुशाल मावतात.